सतरा टोप्या आणि सोळा सवाष्णी

मी लोकांना झोपवतो आणि त्याचा मला पगार मिळतो.

गैरसमज नको. मी कुठल्या मंडळाचा अध्यक्ष नाही. बर्मिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात मी भूल देणारा डॉक्टर आहे. दिवसभर काम कसं, तर चिडीचूप! अशा माणसाला कधीतरी मोठा आवाज करावासा वाटतोच. घरी ती सोय नव्हती (घरात आवाज करण्याचे सर्व हक्क आमच्या सौभाग्यवतींकडे राखीव होते), म्हणून ऐंशीच्या दशकात मी गावाबाहेरच्या एका रायफल क्लबात जाऊ लागलो.

रायफल म्हटलं की आमच्या मराठी मंडळींचे डोळे विस्फारत. "डॉक्टर, शिकारीला जाता की काय?" नाही हो! दूरवर एक कागद लावलेला असतो. पावसात ओल्या गवतावर पालथं पडून त्याला गोळी मारायची, मग दुर्बिणीतून भोक कुठं पडलंय ते पाहायचं आणि "वारा होता" असं म्हणायचं. एवढाच खेळ. पण त्यात मी बरा निघालो आणि इथेच घात झाला, कारण बरा नेमबाज काडतुसं विकतची वापरत नाही, घरी भरतो. घरच्या काडतुसाची सर विकतच्याला नाही, हे मी लोणच्याबद्दल बोलावं तशा सुरात चारचौघांत सांगत असे.

काडतूस भरणं म्हणजे काय? झाडलेल्या काडतुसाची पितळी नळी स्वच्छ करायची, तिच्या बुडात एक नवी टोपी बसवायची, वर दारू मोजून घालायची आणि तोंडाशी गोळी दाबायची. यातली टोपी, म्हणजे प्रायमर, ही खरी नाटकी बाई. मसुराच्या दाण्याएवढी, चकचकीत, इवल्याशा वाटीसारखी. पण घोडा दाबला की तिच्यावर टोला बसतो, तिच्यातून ठिणगी उडते आणि पुढचं सगळं महाभारत घडतं. शंभर टोप्यांचं पाकीट येतं आणि त्यात प्रत्येकीला स्वतंत्र खण असतो. का? तर एक भडकली तर शेजारणीने भडकू नये!

क्लबातल्या एका म्हाताऱ्या गुरूंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काम संपलं, टोप्या उरल्या, की त्या ज्या पाकिटातून आल्या त्याच पाकिटात परत. दुसऱ्या कशात नाही. आणि लगेच. चहाच्या आधी." इंग्रज माणूस 'चहाच्या आधी' म्हणतो तेव्हा प्रकरण किती गंभीर असेल, याचा विचार करा! मला तो नियम इतका आवडला की पुढे मी तो नवीन सभासदांना स्वतःचा असल्यासारखा ऐकवू लागलो. "आमच्या ऑपरेशन थिएटरमध्ये," मी म्हणायचो, "पोट शिवायच्या आधी प्रत्येक बोळा मोजतात. तसं हे." मुलं भारावून ऐकायची. मीही भारावून ऐकायचो.

त्या जानेवारीत सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. बाहेर बर्फ, आत हीटिंग आणि हाताला काम नाही. सांगलीत ज्या बाईने दोन वाड्यांची भांडणं एकटीने सांभाळली, तिला इथे बोलायला फक्त वॉशिंग मशीन. शेवटी त्यांनी संक्रांतीचं हळदीकुंकू काढलं. बायकोच्या, म्हणजे सुलभाच्या, जुन्या ब्लाउजपिसांचे इवलेसे बटवे शिवून ते वाण म्हणून लुटायचे असं ठरलं.

त्याच शनिवारी दुपारी मी माझ्या लहान खोलीत काडतुसं भरत बसलो होतो. काऊंटीची, म्हणजे जिल्ह्याची, अंतिम स्पर्धा तोंडावर आली होती आणि माझं नाव यादीत होतं. त्र्याऐंशी काडतुसं झाली आणि गोळ्या संपल्या. यंत्राच्या ताटलीत टोप्या उरल्या सतरा. पाकिटाकडे हात नेला आणि खिशातला हॉस्पिटलचा बीप वाजला! अर्जंट केस. मी काय केलं असेल? खोलीत सासूबाईंनी शेंगदाणे आणून दिले होते, त्याची रिकामी स्टीलची वाटी होती. सतराच्या सतरा टोप्या तिच्यात ओतल्या, वर झाकणी ठेवली, वाटी खिडकीत ठेवली आणि पळालो.

चहासुद्धा प्यालो नव्हतो. म्हणजे 'चहाच्या आधी' हा भाग मी पाळला!

परत आलो तो दमून झोपलो. रविवार गेला, सोमवार गेला, वाटी डोक्यातून गेली.

मंगळवारी हळदीकुंकू झालं. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, कॉव्हेंट्री, जिथून म्हणून मराठी सवाष्ण मिळेल तिथून आली. माझ्याकडे कोट सांभाळण्याचं खातं होतं. मी जिन्यावर सोळा ओले कोट घेऊन उभा होतो, तेव्हा कॉव्हेंट्रीच्या कुमुदताईंनी मला आपला बटवा दाखवला. हिरव्या खणाचा, मधोमध लाल दोऱ्याने कडेकडेने गुंफून बसवलेलं एक चकचकीत बटण.

"बघा तरी भावजी, तुमच्या सासूबाईंचा हात! आरसेकाम करतात ना, अगदी तसं."

मी बटवा हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. बोटाने त्या बटणावर टिचकी मारली! आणि म्हणालो, "वा! आई, बटणांची निवड मात्र झकास हं!"

सासूबाई लाजल्या.

शुक्रवारी पोलिसांचं पत्र आलं. रायफलच्या परवान्याचं नूतनीकरण होतं, आणि त्यासाठी पोलिसांचे बंदूक तपासणारे अधिकारी, मिस्टर हॉजेस, पुढच्या शुक्रवारी घरी येणार होते. शनिवारी परवाना संपणार, रविवारी स्पर्धा. मला काळजी नव्हती. उलट माझी शिस्त सरकारी नजरेखाली येणार म्हणून मी खुशीत होतो. खोली आवरावी म्हणून गेलो, टोप्यांचं पाकीट उघडलं, तर आत शंभर रिकामे खण!

मग वाटी आठवली. खिडकीत नव्हती. धावत किचनमध्ये गेलो. वाटी जाळीवर पालथी होती, लख्ख घासलेली.

"आई," मी शक्य तितक्या सहज आवाजात विचारलं, "या वाटीत काही होतं का हो?"

"ती बटणं होय? छान होती हो जावईबापू! संपली सगळी. अगदी मोजून पुरली."

"पण... ती माझ्या खोलीत होती ना?"

"वाटीत होती, वर झाकणी होती. म्हणजे घरातलीच की! तुमच्या त्या हत्यारांना मी कशाला हात लावतेय?"

मराठी घरात झाकण ठेवलेली वाटी म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. पहिल्यांदा परवाना देताना पोलिसांनी रायफलचं लोखंडी कपाट तपासलं, कुलूप तपासलं, खिडकीची कडी तपासली. वाटीचा विचार ना त्यांनी केला ना मी!

सासूबाईंचं ब्लडप्रेशर आठवलं आणि मी त्यांना काही सांगितलं नाही. सुलभाला मात्र गॅरेजमध्ये नेऊन सगळं सांगितलं. सुलभा ऑपरेशन थिएटरची सिस्टर. एरवी ती मला 'अहो' म्हणते. फार रागावली की 'डॉक्टर' म्हणते.

"डॉक्टर," ती म्हणाली, "त्या बटणांनी नक्की काय होऊ शकतं?"

"बॉम्ब नाही गं. पण जोराचा टोला बसला किंवा खूप तापली तर फुटते. बोट जाईल. डोळा जाऊ शकतो."

"आणि आईने त्यात सुई घातली? सतरा वेळा?"

"कडेने. कडेकडेने घातली."

परवाना, स्पर्धा, सगळं बाजूला राहिलं. सोळा घरांत सोळा बायका माझ्यामुळे ते पर्समध्ये घालून फिरत होत्या, पोरंबाळं त्याच्याशी खेळत असतील, आणि मी ते मंगळवारी टिचकी मारून त्यांना परत दिलं होतं!

"सगळ्यांना फोन करतो आणि खरं सांगतो," मी म्हणालो.

"आधी मी करते," सुलभा म्हणाली. "तुम्ही केलात तर घाबरून कुणीतरी ते हातोडीने काढायला बसेल."

तिने फोनवर प्रत्येकीला एवढंच सांगितलं: बटव्याच्या बटणात गडबड झालीय, त्याला हात लावू नका, तापवू नका, पोरांच्या हाताला लागेल असं ठेवू नका आणि उद्या दुपारी तसाच घेऊन या. पण बायका कुरकुरू लागल्या. दिलेलं वाण कुणी परत मागतं का? अपशकुन! वुल्व्हरहॅम्प्टनच्या एक बाई तर म्हणाल्या, "राहू दे गं, मला तो तसाच आवडलाय." तेव्हा सुलभाने हुकमाचं पान टाकलं. "अहो, परत कुठे मागतेय? आईचं म्हणणं, वाण जोडीनं द्यायचं असतं. जुना आणलात की दोन मिळतील. मोत्याच्या बटणाचे."

दोन म्हटल्यावर बर्फसुद्धा आडवा आला नाही. शनिवारी दुपारी पंधराजणी हजर!

गंमत म्हणजे हे जोडीचं शास्त्र सासूबाईंना त्या पंधराजणींकडूनच कळलं.

"जोडीनं वाण? ही कुठली रीत?" त्या म्हणाल्या. मी दाराआड डोळे मिटले.

"तुमच्या सांगलीची ना, काकू?"

सासूबाईंनी क्षणभर विचार केला. सांगलीची अब्रू पणाला लागलेली! "हो, हो," त्या म्हणाल्या. "मोठ्या घरांत असते. सगळ्यांना झेपत नाही." आणि त्या लगेच नवे बटवे आणि त्यांना मोत्याची बटणं शिवायला बसल्या.

इकडे लहान खोलीत आमचं ऑपरेशन सुरू झालं. दोघांच्या डोळ्यांवर संरक्षक चष्मे. सुलभा बारीक कात्रीने दोरे कापायची, मी टोपी अलगद उचलून पाकिटाच्या खणात ठेवायचो. एका बाईने बटव्याची टाचण्या खोचायची गादी केली होती, एक बटवा गाडीच्या आरशाला लटकून आला होता, एक चक्क वॉशिंग मशीनमधून दोनदा फिरून आला होता! प्रत्येक हकिगत ऐकताना माझा रंग बदलत होता. बारा, तेरा, चौदा, पंधरा.

"कुमुदताई आल्या नाहीत," सुलभा म्हणाली. "फोन उचलत नाहीत. कालही त्यांच्या मिस्टरांकडेच निरोप ठेवला होता."

मिस्टरांकडे निरोप म्हणजे विहिरीत दगड! मी गाडी काढली. कॉव्हेंट्रीपर्यंत कसा गेलो ते आठवत नाही. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं, हातात पेपर. आत पाहिलं तर कुमुदताई इस्त्रीच्या टेबलाशी. टेबलावर तो हिरवा बटवा सुरकुतलेला पडलाय आणि त्यांच्या हातात वाफाळणारी इस्त्री!

"थांबा! इस्त्री वर! वर!" मी ओरडलो. आयुष्यात इतका मोठा आवाज मी रायफलनेही केला नव्हता. चिखलाच्या बुटांनिशी त्यांच्या फिकट कार्पेटवरून झेप घेतली आणि बटवा उचलला.

"अहो भावजी, काय हे! सरळ करून देत होते. सुरकुत्यांसकट कसं परत आणायचं?"

"'परत न्यायचाय' एवढं सांगितलं हिला, 'तापवू नको' सांगायचं राहिलंच वाटतं," मिस्टर पेपरातून म्हणाले.

मी तिथेच सोफ्यावर बसलो आणि त्या दोघांना सगळं खरं सांगून टाकलं. कुमुदताईंनी इस्त्रीचं बटण बंद केलं, मला पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे तुम्ही टिचकी मारलीत ती..." मी मान डोलावली. त्यांनी मला आणखी एक ग्लास पाणी दिलं.

घरी आलो. सोळा. पाकिटात सोळा टोप्या ओळीने बसल्या, काहींना लाल दोऱ्याची कुसं चिकटलेली. पण सतरावी कुठे? खोली झाडली, वाटी तपासली, सासूबाईंची शिवणाची पेटी त्या झोपल्यावर उपसली.

"काऊंट बरोबर नाही," सुलभा म्हणाली. "काऊंट बरोबर नसेल तर पोट शिवत नाहीत, डॉक्टर."

पाच दिवस आम्ही शोधत होतो. मी तर व्हॅक्यूम क्लीनरची पिशवी वर्तमानपत्रावर रिकामी करून चहाच्या गाळणीने गाळली. आणि सासूबाईंना विचारलं? छे! त्यांना त्रास नको ना!

शुक्रवारी मिस्टर हॉजेस आले. उंच, मिशाळ, बोलणं कमी. कपाट पाहिलं, कुलूप पाहिलं, रायफलचा नंबर ताडून पाहिला. मग टेबलाशी येऊन म्हणाले, "काडतुसं घरी भरता. उरलेल्या टोप्यांचं काय करता, डॉक्टर?"

ज्या प्रश्नाची मी आयुष्यभर वाट पाहत होतो, तो नेमका तेव्हा आला! मी मुकाट्याने पाकीट पुढे केलं.

"सोळा," ते म्हणाले. "आणि हा लाल दोरा कसला?"

कापूस म्हणता आलं असतं. सुलभा दारात उभी होती. माझ्याकडे नुसती पाहत होती. मी परवान्याला मनातल्या मनात तिलांजली दिली आणि सगळं सांगितलं: बीप, शेंगदाण्याची वाटी, सासूबाई, सोळा सवाष्णी, इस्त्री. हळदीकुंकू म्हणजे काय हे इंग्रजीत समजावताना घाम फुटला. "आणि एक टोपी अजून सापडत नाही," मी शेवटी म्हणालो. "सतरावी."

'सेव्हन्टीन' तेवढं किचनमध्ये ऐकू गेलं असावं. सासूबाई पदराला हात पुसत आल्या. "काय गं सुलू, सतरा सतरा काय चाललंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. सुलभाने दोन वाक्यांत सांगितलं. मी ब्लडप्रेशरचं यंत्र कुठे आहे ते आठवू लागलो. सासूबाईंना चक्कर वगैरे काही आली नाही. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं भाजीवाला सुट्टे नाहीत म्हणाल्यावर पाहतात.

"अहो जावईबापू, पहिलं वाण देवाला देतात, एवढं ठाऊक नाही तुम्हाला? विचारायचं की!"

त्या तरातरा किचनमध्ये गेल्या. मागोमाग आम्ही, मागोमाग कायदा. तिथल्या एका कपाटात आमचे देव राहतात. ते कपाट त्या दहा दिवसांत मी एकदाही उघडलं नव्हतं (त्याआधीच्या दहा वर्षांचंही विचारू नका). दार उघडलं. आत गणपती, अन्नपूर्णा, बाळकृष्ण. त्यांच्या पुढ्यात लाल खणाचा बटवा, मधोमध सतरावी टोपी, आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर शांतपणे तेवणारं निरांजन!

मिस्टर हॉजेस प्रथमच घाईत दिसले. "मागे व्हा सगळे!" ते म्हणाले आणि निरांजन विझवायला वाकून त्यांनी गाल फुगवले.

"फुंकू नका!" सासूबाई इतक्या मोठ्याने ओरडल्या की मिस्टर हॉजेसच्या मिशा हलल्या. "नो फूफू! देवाचा दिवा फुंकतात का कुणी? दिवा कशाला विझवायचा म्हणते मी, बटवा उचला की!"

सुलभाने भाषांतर केलं. मिस्टर हॉजेसनी गालांतली हवा सोडली. त्यांनी बटव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग सासूबाईंनीच बटवा अलगद उचलून सुलभाच्या हातात दिला.

चष्मा लावून सुलभाने दोरा कापला. टोपी खणात बसली. "सतरा," ती म्हणाली. "काऊंट करेक्ट. आता शिवा, अहो." 'डॉक्टर' गेलं, 'अहो' परत आलं! परवान्याआधीच मी अर्धी लढाई जिंकलो होतो.

"त्या दोऱ्याबद्दल खोटं बोलला असतात," मिस्टर हॉजेस टेबलाशी बसत म्हणाले, "तर मी लगेच निघालो असतो. रायफल घेऊन." मग त्यांनी पेन काढलं. परवान्याचं काम पुरं केलं आणि स्वतःच्या वहीत बराच वेळ काहीतरी लिहीत बसले. मी वाकून पाहिलं. 'सासूबाईंचा सल्ला घ्यावा', एवढंच मला वाचता आलं. पाकीट कपाटात गेलं, कुलूप लागलं, आणि मगच आम्ही चहा घेतला. सासूबाईंनी त्यांना तिळगूळ दिला आणि त्यांच्या मिसेससाठी मोत्याच्या बटणाचे दोन बटवे. जोडीनं.

रविवारी मी स्पर्धा जिंकलो. खरंच! सासूबाई मागे घोंगडी पांघरून बसल्या होत्या आणि प्रत्येक गोळीनंतर "बरं झालं" म्हणत होत्या. कप मिळाला तो नेमका वाटीएवढा. घरी आल्या आल्या त्यांनी तो देवापुढे ठेवला, वर झाकणी ठेवली आणि मला बजावलं, "आता यात काही टाकू नका."

पुढे क्लबाने मला सुरक्षिततेची जबाबदारीही दिली. नवीन मुलांना मी अजून तेच सांगतो: ज्या पाकिटातलं त्याच पाकिटात, चहाच्या आधी. पण आता भारावून वगैरे ऐकत नाही. लोकांना झोपवायचा मला पगार मिळतो. त्या जानेवारीत मात्र टोपी निरांजनाशेजारी असताना मी स्वतः दहा दिवस ढाराढूर झोपलो होतो, आणि तेही फुकट!